घर सांभाळणारे बाबा आणि कौटुंबिक विनोदी चित्रपट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सांगलीत, विश्रामबागला राहतो. बायको मिरजेच्या एका रुग्णालयात परिचारिका आहे, तिच्या शिफ्ट बदलत असतात. कुपवाडच्या कारखान्यातलं हिशेबाचं काम सोडून दोन्ही मुलं आणि घर मी बघतो. सिनेमाचं वेड लहानपणापासूनचं. त्यामुळे ओळखीचे लोक दोन्हीबद्दल एकदमच विचारतात: घरी कसं चाललंय, आणि सिनेमात दाखवतात तसंच असतं का? तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. चित्रपटांचे शेवट सांगितल्याशिवाय हा विषय बोलता येत नाही, तेवढी तयारी ठेवून वाचा.

घर सांभाळणारा बाबा म्हणजे नेमका कोण? रविवारी चहा करणारे सगळेच त्यात येतात का?

नाही. चहा करणं चांगलंच, पण मी लिहितोय तो माणूस वेगळा. गॅसची टाकी किती दिवस पुरेल, धाकट्याचा पुढचा डोस कधी, स्नेहसंमेलनाला पांढरे मोजे हवेत की काळे, उद्या पाणी किती वाजता येणार, हे सगळं ज्याच्या डोक्यात असतं तो घर सांभाळतो. हाताने केलेलं काम दिसतं. डोक्यातलं काम दिसत नाही, आणि सिनेमालाही तेच दाखवायला सगळ्यात अवघड जातं. करपलेली पोळी कॅमेऱ्याला दाखवता येते. पीठ संपत आलंय हे दोन दिवस आधी आठवणं कसं दाखवायचं? ज्या दिग्दर्शकाला ते जमलं त्याला मी मनापासून मानतो.

असे चित्रपट सुरू कुठून झाले?

बाप आणि मूल ही जोडी मूकपटांइतकी जुनी आहे. चार्ली चॅप्लिनचा ‘द किड’ १९२१ सालचा. रस्त्यावरच्या भटक्याला एक तान्हं बाळ सापडतं आणि तो ते वाढवतो. कापडाची झोळी टांगतो, जुन्या किटलीतून दूध पाजतो. तिथे हसू येतं ते त्याच्या युक्तीचं. काही नसताना त्याने केलेली सोय बघून आपण हसतो आणि त्याच क्षणी तो बाप म्हणून पटतो. हा चित्रपट शंभर वर्षांपूर्वीचा आहे हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढच्या कित्येक चित्रपटांत बापाच्या हातातली ही युक्ती काढून घेतली गेली.

बायको नोकरीला आणि नवरा घरी, या बेतावर उभा असलेला आणि सगळ्यांना माहीत असलेला चित्रपट म्हणजे १९८३ चा ‘मिस्टर मॉम’. लेखक जॉन ह्यूज, मुख्य भूमिकेत मायकेल कीटन. डेट्रॉइटच्या मोटार कंपनीतल्या इंजिनिअरची नोकरी जाते आणि बायकोला जाहिरात कंपनीत काम मिळतं. हा बेत हवेतून आलेला नव्हता. १९८२ च्या अखेरीस अमेरिकेतली बेकारी १०.८ टक्क्यांवर गेली होती आणि मोटार उद्योगातल्या कामगारांना त्याची मोठी झळ बसली होती. ज्या घरांत मिळवता माणूस अचानक घरी बसला, त्या घरांची भीती या चित्रपटाने हसण्यावारी नेली. प्रेक्षकाला ते हवंच होतं.

या चित्रपटांत आपण नेमकं कशाला हसतो?

बहुतेक वेळा बापाच्या अडाणीपणाला. कपडे धुण्याचं यंत्र उतू जातं, बाळाचा लंगोट उलटा बांधला जातो, शाळेत सोडायला जाताना तो चुकीच्या रांगेत शिरतो. ही दृश्यं इतक्या चित्रपटांत आहेत की पडद्यावर बाप स्वयंपाकघरात शिरला की काय होणार ते आधीच कळतं.

यात काय खटकतं ते सांगतो. इंजिन खोलून पुन्हा जोडणाऱ्या माणसाला तीन बटणांचं यंत्र चालवता येत नाही, हे आपण हसत हसत मान्य करतो. का? कारण त्याला ते कधी करावं लागलेलं नाही, हे आपल्याला ठाऊक असतं आणि त्यात काही चूक आहे असं वाटत नाही. तेच एखादी सून पहिल्या दिवशी कुकरची शिट्टी लावायला विसरली तर कोणी हसून सोडत नाही. म्हणजे त्या हसण्यात बापाला माफी असते. ‘बिचाऱ्याला काय जमणार’ असं म्हणत आपण त्याला परत बाहेरच्या खोलीत पाठवतो.

दुसरं हसू यापेक्षा फार सरस असतं. बापाला काम जमू लागतं आणि गंमत इतरांची होते: दारात आलेल्या पाहुण्याची, शाळेतल्या बाईंची, सासऱ्यांची. त्यांना कुठे बघावं आणि काय बोलावं तेच कळत नाही. ‘मिस्टर मॉम’मध्येसुद्धा उत्तरार्धात बाप सावरतो आणि तिथे चित्रपट जास्त खरा होतो. दुर्दैवाने लोकांच्या लक्षात राहतं ते यंत्रच.

एखादा चित्रपट खरंच बदललाय की नुसती गंमत करतोय, हे कसं ओळखायचं?

शेवटची दहा मिनिटं बघा. घरचं काम अखेर कोणाच्या हाती राहतं? ‘मिस्टर मॉम’मध्ये शेवटी त्याला जुनी नोकरी परत मिळते. म्हणजे मधला सगळा काळ एक आपत्ती होती आणि ती टळली. बहुतेक कौटुंबिक विनोदी चित्रपट असेच संपतात, म्हणून घरी बसल्या बसल्या पूर्वार्ध आवडलेला चित्रपट मला शेवटी हुरहुर लावतो. त्या माणसाने एवढं शिकून घेतलं, मुलं त्याला येऊन बिलगली, आणि हे सगळं आता कुठे जाणार?

याच्या उलट उदाहरण विनोदी चित्रपटातलं नाही, तरी ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. ‘क्रेमर व्हर्सेस क्रेमर’, १९७९. त्या वर्षीच्या सर्वोत्तम चित्रपटाचा ऑस्कर त्याला मिळाला. बायको सोडून गेल्यावर पहिल्या सकाळी बाप मुलासाठी फ्रेंच टोस्ट करायला जातो आणि ओटाभर राडा होतो. तिथे हसू येतं. शेवटाकडे तोच पदार्थ बापलेक मिळून करतात, एक शब्दही न बोलता. अंडी कोणी फोडायची, पाव कोणी बुडवायचा, सगळं ठरलेलं. दोन नाश्त्यांच्या मधे किती दिवस गेले असतील ते त्या हातांवरून कळतं. वर मी डोक्यातलं काम दाखवणं अवघड असतं म्हणालो, ते इथे दाखवलंय. ‘अकेले हम अकेले तुम’ हा १९९५ चा हिंदी चित्रपट याच कथेच्या वळणाने जातो, पण माझं मन त्या टोस्टपाशीच राहतं.

‘मिसेस डाउटफायर’ आणि ‘चाची ४२०’ यांत फरक काय? गोष्ट तर एकच आहे.

सुरुवात एकच, शेवट वेगळा. ‘मिसेस डाउटफायर’ १९९३ चा, दिग्दर्शक ख्रिस कोलंबस, भूमिका रॉबिन विल्यम्सची. घटस्फोटानंतर मुलांना भेटता यावं म्हणून बाप म्हाताऱ्या बाईच्या वेशात आपल्याच घरी कामाला राहतो. आधी खेळकर, पण बेजबाबदार असलेला हा माणूस त्या वेशात असताना स्वयंपाक शिकतो, अभ्यास घेतो, शिस्त लावतो. शेवटी नवरा-बायको पुन्हा एकत्र येत नाहीत. मुलांना रोज शाळेनंतर सांभाळण्याचं काम मात्र त्याला मिळतं, आणि तेही बापाच्याच रूपात. मुलांच्या चित्रपटात घटस्फोट तसाच राहू देणं हे धाडस होतं.

कमल हासन यांनी आधी तमिळमध्ये ‘अव्वै षण्मुगी’ (१९९६) केला आणि मग हिंदीत ‘चाची ४२०’ (१९९७) स्वतः दिग्दर्शित केला. त्यातली चाची आपल्याकडची, लक्ष्मी गोडबोले. तिथे रोख श्रीमंत सासऱ्यावर आहे आणि शेवटी संसार जुळतो. गरीब जावई आणि पैसेवाले सासरे हे भांडण आपल्याला नीट कळतं, म्हणून तो चित्रपट इथे रुजला. पण बाप म्हणून त्या माणसाचं पुढे काय होतं हा प्रश्न मागे पडला. संसार जुळल्यावर मुलीची वेणी कोण घालतं, हे चित्रपट सांगत नाही.

सांगलीकराला साडीतला पुरुष नवा थोडाच आहे?

नाहीच, आणि हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीत चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवर’ केलं. ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन आपण पाळतो तो त्यामुळेच. त्या नाटकातली सीता पुरुषच होती आणि पुढे कित्येक दशकं मराठी नाटकांतल्या नायिका बहुतेक पुरुषांनीच रंगवल्या. पलूस तालुक्यातल्या नागठाण्याशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे ते बालगंधर्व, म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, रंगमंचावर कसे नेसतात आणि केसांत काय माळतात ते घरंदाज बायका बघून उचलत. ‘अशी ही बनवाबनवी’ १९८८ ची. भाड्याची जागा मिळावी म्हणून दोन मित्र बायका होतात आणि त्या चित्रपटातली वाक्यं आजही आमच्या गल्लीत लहान पोरांना पाठ आहेत.

म्हणजे पुरुषाने साडी नेसली तर आपण पावणेदोनशे वर्षं टाळ्या देत आलोय. अडचण येते ती त्याने साडी न नेसता तेच काम केलं की. पँट-शर्टातला माणूस दारात बसून मेथी निवडत असेल तर जाणारा-येणारा थबकतो. वेश बदलला की तो खेळ असतो, उतरवला की संपतो, आणि सगळे आपापल्या जागी परततात. बिनवेशाचा बाप तिथेच राहणार असतो. माझ्या मते सगळी गोम इथेच आहे. आपल्या विनोदी परंपरेने पुरुषाला बाई होऊन बघायला शिकवलं. पुरुष राहूनच बाईचं म्हटलं जाणारं काम करायला अजून शिकवलेलं नाही.

आणि हसायचं कोणाला, हे तर आपल्याच भागातल्या माणसाने दाखवून दिलंय. हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल. त्यांच्या ‘संगीत शारदा’त (१८९९) लहान मुलीशी लग्नाला निघालेला म्हातारा भुजंगनाथ आणि पैशांसाठी पोटची मुलगी द्यायला निघालेला कांचनभट यांना प्रेक्षक हसतो. शारदेला कोणी हसत नाही. ज्याच्या हातात सत्ता, हसू त्याच्यावर. घर सांभाळणाऱ्या बाबांवर लिहिणाऱ्याने हरिपूरच्या संगमावर जाऊन बसावं आणि एवढं एक घेऊन यावं.

‘की अँड का’ पाहिला. ते तुमचंच चित्र की!

पुष्कळजण असं म्हणतात. आर. बाल्कींचा हा चित्रपट एप्रिल २०१६ मध्ये आला, अर्जुन कपूर आणि करीना कपूर यांचा. हिंदीत मुख्य धारेतल्या नायकाने ‘मला घरच सांभाळायचंय’ असं स्वतःहून म्हणावं, कोणाची नोकरी न जाता, हे मोलाचं. ‘मला आईसारखं व्हायचंय’ म्हणणारा नायक मला भावला.

पण त्या घरात मूल नाही. मूल नसलेलं घर आणि दोन मुलांचं घर यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. रात्री दीडला ताप चढलेलं पोर छातीशी धरून बसण्याचा प्रसंगच तिथे येत नाही. शिवाय नायक बड्या बिल्डरचा मुलगा आहे, म्हणजे त्याच्या निवडीला पाठीमागे आधार आहे. आणि तो घरकामामुळे प्रसिद्ध होतो, मग बायकोला ते सलतं. बाई तेच काम वर्षानुवर्षं करते तेव्हा तिच्या दारात कॅमेरे येत नाहीत. चित्रपटाला हे कळतं, पण त्यावर तो फार वेळ थांबत नाही.

तान्हं बाळ आणि दोन-तीन पुरुष, असे चित्रपट?

मूळ फ्रेंच, दिग्दर्शिका कोलीन सेरो, १९८५. त्यावरून १९८७ चा अमेरिकन ‘थ्री मेन अँड अ बेबी’, जो त्या वर्षीचा तिथला सर्वांत जास्त कमाई करणारा चित्रपट ठरला. आपल्याकडे त्याच वळणाचा ‘हे बेबी’ २००७ मध्ये आला. बाळ गोड, पुरुष गोंधळलेले. बघायला मजा येते, पण सांगण्यासारखं फार नाही.

या चित्रपटांत आईचं काय होतं?

हे फार कमी लोक विचारतात. बाप घरी राहावा म्हणून कथेला आईला कुठेतरी पाठवावं लागतं. मग ती वारते, सोडून जाते, घटस्फोट घेते, किंवा नोकरीत इतकी बुडते की मुलाचा वाढदिवस विसरते. आई-बाप दोघंही जागेवर, दोघंही धड, आणि तरी घर बापाकडे, असं चित्र शोधावं लागतं. नोकरी करणाऱ्या आईला लेखक थोडी कठोर करतात, म्हणजे बाप जास्त मऊ दिसतो. मला याची मनापासून चीड आहे. माझी बायको रात्रपाळी करून येते तेव्हा आधी दोन्ही मुलांच्या कपाळावर हात ठेवते आणि मग चप्पल काढते. अशी आई या चित्रपटांत का नसते?

उलट बाजू बघायची तर गौरी शिंदेंचा ‘इंग्लिश विंग्लिश’ (२०१२) घ्या. पुण्याच्या शशी गोडबोले लाडू करून विकतात, आणि घरातली माणसं प्रेमाने, हसत हसत त्यांना कमी लेखतात. नवरा वाईट नाही. त्याला फक्त कधी विचार करावा लागलेला नाही. घरात विनोद कोणाच्या जिवावर चालतात हे इतकं साधेपणाने दाखवलेला दुसरा हिंदी चित्रपट चटकन आठवत नाही. हा चित्रपट मी नवरे मंडळींना आवर्जून सुचवतो.

मराठीत याच विषयावर चित्रपट का नाही?

घर, काम आणि बाई यांवर अलीकडे मराठीत मनापासून लिहिलं गेलंय आणि लोकांनी ते डोक्यावर घेतलंय. केदार शिंदेंचा ‘बाईपण भारी देवा’ (२०२३) बघायला बायका ठरवून, नटूनथटून घोळक्याने गेल्या. परेश मोकाशींच्या ‘नाच गं घुमा’त (२०२४) नोकरी करणारी बाई आणि तिच्या घरी काम करणारी बाई यांचं नातं केंद्रस्थानी आहे, आणि पगारी असो वा बिनपगारी, घर बायकांच्या खांद्यावर कसं उभं असतं ते विनोदातून कळतं. यापुढची पायरी बाकी आहे: घुमाच्या जागी घरचा बाप. निर्मात्यांना तो नायक कमकुवत वाटत असावा असा माझा कयास आहे. पण ज्या प्रेक्षकाने अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या साध्या, फाटक्या, भित्र्या नायकांवर जीव टाकला, तो या बाबावरही टाकेल.

प्रत्यक्षात पुरुष घरकाम किती करतात? काही आकडे आहेत का?

आहेत. केंद्र सरकारचं वेळेच्या वापराचं सर्वेक्षण २०१९ आणि २०२४ मध्ये झालं. जे लोक घरचं बिनपगारी काम करतात त्यांचीच सरासरी काढली तर २०२४ मध्ये बायका दिवसाला २८९ मिनिटं देत होत्या आणि पुरुष ८८. मुलं-म्हातारी-आजारी यांची देखभाल करणाऱ्यांत बायकांची १३७ मिनिटं, पुरुषांची ७५. २०१९ चा घरकामाचा आकडा बायकांचा २९९ आणि पुरुषांचा ९७ होता. म्हणजे मधल्या पाच वर्षांत बायकांची मिनिटं थोडी घटली, पण ती पुरुषांकडे गेली असं दिसत नाही, त्यांचीही घटलीच. आणि मुळात हे काम अजिबात न करणारे पुरुष या सरासरीत येतच नाहीत: २०१९ मध्ये कुठल्याही दिवशी घरकामाला हात लावणारे पुरुष जेमतेम २६ टक्के होते, बायका ८१ टक्के.

बापाला रजा मिळते का?

केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला बाळंतपणाच्या वेळी १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. खाजगी नोकरीत आईला २०१७ च्या दुरुस्तीनंतर २६ आठवडे मिळतात, पण बापाला रजा दिलीच पाहिजे अशी सक्ती कायद्यात नाही. कंपनीने दिली तर दिली. केंद्राची ७३० दिवसांची बालसंगोपन रजा स्त्री कर्मचाऱ्यांना आहे आणि पुरुषांपैकी फक्त एकट्या बापाला: अविवाहित, विधुर किंवा घटस्फोटित. चित्रपटांच्या कथेत आणि नियमात एकच गोष्ट दिसते. आई नसेल तरच बाप मोजायचा. स्वीडनने आई-बाप दोघांनाही घेता येईल अशी रजा १९७४ मध्येच आणली, आणि नॉर्वेने १९९३ मध्ये आपल्याकडच्या अशा रजेचा काही भाग फक्त बापासाठी राखून ठेवला. त्याने नाही घेतली तर ती वाया जाते. असा राखीव भाग असला की साहेबांपुढे रजा मागताना मान खाली घालावी लागत नाही.

हे सगळं पैसेवाल्यांचे चोचले नाहीत का?

प्रश्न रास्त आहे. आमच्या जिल्ह्यात हंगामात ऊसतोडीला येणारी माणसं बघा. तिथे नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. दोघं सारखंच तोडतात, सारख्याच मोळ्या वाहतात, आणि पालावर परतल्यावर चूल पेटवते ती बाईच. दुसरीकडे विटा-खानापूर-आटपाडीकडचे गलाई व्यावसायिक. सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी घरातले पुरुष देशभर पांगले, आणि कित्येक गावांत शेत, म्हातारी माणसं, पोरांच्या शाळा बायकांनी एकटीने ओढल्या. त्या बायकांनी बाहेरची कामं शिकून घेतली तेव्हा कोणी त्यावर विनोदी चित्रपट काढला नाही. गरज होती, त्या शिकल्या.

म्हणून घर सांभाळायला पैसा लागतो हे मला पटत नाही. नोकरी सोडायला मात्र आधार लागतो, हे खरं. आमच्याकडे बायकोचा पगार माझ्यापेक्षा जास्त होता आणि दोघांच्या वेळा जुळत नव्हत्या, तेव्हा वहीत आकडेमोड करून ठरवलं. पण दोघंही कामावर जाणाऱ्या घरात संध्याकाळची चूल पुरुषाने धरली तर त्याला एक रुपयाही जास्त लागत नाही.

सांगलीत लोक काय बोलतात?

आता कमी बोलतात. सुरुवातीला ‘सध्या काय करताय?’ या प्रश्नाला ‘घर बघतो’ म्हटलं की पुढे ‘ते झालंच, पण काम?’ असं यायचं. आमराईत मुलांना घेऊन गेलो की ‘वहिनी नाही आल्या?’ हे ठरलेलं. शाळेच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्या आया, त्यात मी एकटा बाबा. महिनाभर कोणी माझ्याशी थेट बोललंच नाही. मग एकदा प्रकल्पवहीचा फोटो सगळ्यात आधी मी टाकला आणि तिथून सुरळीत झालं. मेहुणी मला दाजी म्हणते. एका लग्नात कोणीतरी ‘बायकोच्या जिवावर’ असं पुटपुटलं, तेव्हा तिनेच मोठ्याने विचारलं, ‘आणि आमच्या आईच्या जिवावर कोण जगलं?’ त्यावर मांडवात पुढे कोणी बोललं नाही.

बायकांपेक्षा पुरुषांना जास्त त्रास होतो, हा माझा अनुभव. वयस्कर बायका तर उलट शेजारी बसून वरणाला फोडणी कधी द्यायची ते सांगतात.

मुलांना कोणता चित्रपट दाखवावा?

प्राथमिक शाळेतल्या मुलांना ‘इनक्रेडिबल्स २’ (२०१८). आई कामगिरीवर जाते, अचाट ताकदीचा बाप घरी. त्याला मुलाचं गणित येत नाही, पद्धतच बदललेली असते. तो आधी वैतागतो आणि मग रात्री एकटा पुस्तक घेऊन बसून ते गणित शिकतो. बायकोचं यश बघून त्याला आतून हेवा वाटतो, तेही लपवलेलं नाही. चेहऱ्यावर दाढीचे खुंट, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, आणि तरी तो पळून जात नाही. माझ्या मुलीने तो गणिताचा प्रसंग मला पुन्हा लावायला लावला. आठवी-नववीच्या पुढे ‘मिसेस डाउटफायर’ चालेल, त्यात घटस्फोटावर आणि मोठ्यांच्या विषयांवर बोलणं आहे, तेव्हा जवळ बसा.

दाखवल्यावर उपदेश करू नका. ‘आता यांच्या घरी उद्यापासून भांडी कोण घासेल?’ एवढं विचारा. मुलं फार खरं सांगतात.

आजोबांना हे चित्रपट आवडतात का? ते उठून जातात.

जाऊ द्या, परत येतात. त्यांच्या पिढीला नोकरी गेल्याची भीती बरोबर कळते, म्हणून तिथून सुरू होणारा चित्रपट आधी लावा. माझ्या वडिलांनी आयुष्यात गॅस पेटवला नव्हता. आई आजारी पडल्यावर ते मला विचारून भात लावायला शिकले आणि पाणी किती घालायचं ते कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलं.

आम्हाला या विषयावर एकांकिका करायची आहे. काय सांभाळावं?

नाट्यवेडी सांगली म्हणतात ते अशा प्रश्नांमुळेच. जरूर करा.

नायकाला मठ्ठ करू नका. त्याला पहिल्या पाच मिनिटांत दोनदा चुकू द्या, नंतर त्याला काम येऊ द्या, आणि ते हातांतून दिसू द्या: बोलता बोलता शेंगा सोलणं, एका हाताने दप्तर भरणं. हसवायचं असेल तर बघणाऱ्यांकडून हसवा. मीटर बघायला आलेला माणूस, फोनवरची आत्या, ‘घरात कोणी बाईमाणूस आहे का’ विचारणारा विक्रेता. हे लोक रोज येतात, शोधावे लागत नाहीत.

बायकोला पात्र म्हणून जागा द्या. ती दमून यावी, तिचं कामावर काहीतरी बिनसलेलं असावं किंवा चांगलं झालेलं असावं, आणि ते तिने त्याला सांगावं. ती फक्त दार उघडून येणारी-जाणारी नसावी. तिलाही घर सोडवत नाही, तिने रचलेले डबे त्याने हलवले की तिचा जीव वरखाली होतो. या भांडणात दोघांचंही बरोबर असतं, आणि रंगमंचावर ते भांडण फार चांगलं उभं राहील.

नोकरी परत मिळाल्याची चिठ्ठी शेवटी आणायचा मोह होईल. आणायचीच असेल तर मधे आणा, आणि ती आल्यावर हा माणूस काय करतो ते उरलेल्या वेळात दाखवा.

संहिता लिहून झाली की स्पर्धेला पाठवण्याआधी वर्षानुवर्षं घर सांभाळलेल्या एखाद्या बाईला वाचून दाखवा. कुठली ओळ खोटी आहे ते ती लगेच सांगेल.